खामखेडचा मेळ

"मेल आली नाही अजून, मास्तर," गार्ड रहेमानचाचा म्हणाले. हातातली हिरवी झेंडी त्यांनी दांडीला गुंडाळलेलीच ठेवली होती.

मी छोट्या गाडीच्या बायकांच्या डब्यात खिडकीशी बसले होते. बाबा माझ्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर उभे होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते. नुकतेच ते ऑफिसातून, गाड्या सोडायची परवानगी देणाऱ्या कंट्रोलशी फोनवर बोलून बाहेर आले होते.

"कंट्रोलची परवानगी आहे," बाबा म्हणाले. "निघा तुम्ही."

रहेमानचाचांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग झेंडी उलगडली. आमच्या क्वार्टरपासून चौथ्या क्वार्टरमध्ये ते राहत, मी कुठं आणि कशाला निघाले आहे हे त्यांना ठाऊक होतं. इंजिनानं शिटी दिली आणि गाडी हलली. बाबांनी मला हात केला नाही.

खामखेडला आधी स्टेशन आलं आणि मग गाव. इंग्रजांनी कापूस बंदरापर्यंत न्यायला मोठी लाइन टाकली, पुढं बऱ्याच वर्षांनी कपाशीच्या मुलखातून एक छोटी लाइन आणून तिला जोडली, आणि दोन्ही जिथं मिळाल्या तिथं माळावर हे जंक्शन बांधलं. दगडी इमारत, उंच छताच्या वेटिंग रूम, इंजिनांना पाणी देणारा हत्तीच्या सोंडेसारखा नळ, सरकीच्या वासानं भरलेलं पार्सल ऑफिस, रेल्वेचा दवाखाना, रेल्वेची शाळा. उपाहारगृहातल्या आलूबोंड्यांसाठी मेलमधले लोक खिडकीतून पैसे नाचवत. आमचं सगळं आयुष्य त्या स्टेशनाच्या घंटेवर चालायचं. भात कधी चढवायचा हेही आई मालगाडीच्या आवाजावरून ठरवी.

स्टेशनाला मधोमध एक लांब प्लॅटफॉर्म होता. त्याच्या एका अंगाला मोठी लाइन, दुसऱ्या अंगाला छोटी. नागपूरकडून येणाऱ्या मेलमधून उतरायचं, प्लॅटफॉर्म ओलांडायचा आणि समोर उभ्या छोटीत बसायचं. याला सगळे 'मेळ' म्हणत. छोटीच्या वाटेवरच्या गावांना त्या काळी ना धड सडक होती ना एसटी, त्यामुळे मेलला उशीर झाला की छोटी तिच्यासाठी थांबायची. तासभरसुद्धा थांबायची. तो नियम होता त्याहून जास्त रिवाज होता. माझे वडील त्र्यंबक मुळावकर तिथं असिस्टंट स्टेशन मास्तर होते, आणि या रिवाजाचा त्यांना अभिमान होता. जंक्शन म्हणजे दुसरं काय, ते म्हणायचे, इथं उतरलेला माणूस पुढं पोचला पाहिजे.

त्या दिवशी मात्र गाडी थांबली असती तर मी पोचले नसते.

छोटीच्या शेवटच्या स्टेशनावर, पळसगावला, पाटबंधारे खात्याचं मोठं ऑफिस नव्यानं उघडलं होतं. तिथं ट्रेसर हवे होते. धरणांच्या नकाशांवर मेणकापड अंथरून शाईनं रेघा उतरवायच्या, असं काम. माझा हात चांगला होता. मुलाखत दुपारी होती, आणि वेळेवर न येणाऱ्याला आत घेणार नाहीत असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि दोन वर्षांपासून माहेरी परत आले होते. नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं. लोक मला तोंडावर काही बोलत नसत, पण नळावर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. बाबांना निवृत्त व्हायला पाच वर्षं उरली होती. ते निवृत्त झाले की क्वार्टर जाणार, आणि त्यानंतर माझं काय, हा प्रश्न घरात कुणी काढत नसे, म्हणून तो सगळीकडे असायचा.

गाडी फाटक ओलांडून वळणावर आली तेव्हा मी मागं पाहिलं. मोठ्या लाइनवर, नागपूरच्या बाजूला, काळा धूर दिसत होता. मेल आलीच होती. आणखी थोडी कळ काढली असती तर मेळ झाला असता, हे मला समजलं. पण मेल आल्यावर लोक उतरणार, सामान चढणार, मग समोरून येणाऱ्या मालगाडीसाठी छोटीला पुढच्या स्टेशनावर अडकून पडावं लागणार, आणि दुपार तिथंच होणार, हेही मला समजत होतं. मी स्टेशन मास्तरची मुलगी होते. मी तोंड फिरवून पुढं पाहत बसले.

वाटेत निम्म्यावर वाघजाळी नावाचा हॉल्ट आहे. नदीच्या काठी एक शेड, एक कडुनिंब, बाकी काही नाही. तिथं गाडी थांबताच दोन माणसं प्रत्येक डब्यात डोकावत पळत आली. एक पोक्त होता, एक तरणा.

"अंबादास! भिलाईचा अंबादास हाय का कोनी?"

आमच्या खिडकीशी येऊन पोक्त माणसानं विचारलं, "बाई, मेलची मानसं कोन्या डब्यात बसली?"

मी म्हटलं, "मेलची माणसं नाहीत. मेल यायच्या आधीच ही गाडी सुटली."

"थांबली नाही?"

"नाही."

"असं त कधी होत नाही," तो म्हणाला. मग त्या तरण्याकडे वळून हळूच बोलला, पण मला ऐकू आलं. म्हातारा सकाळपासून दाराकडे पाहत पडला आहे, त्याला आता काय सांगायचं, असं काहीतरी. गाडी सुटली तरी ते दोघं शेडमध्ये तसेच उभे होते.

मुलाखत चांगली झाली. एका साहेबांनी मला तिथल्या तिथं नदीखोऱ्याचा एक तुकडा उतरवायला दिला. मी तो उतरवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून बघितला, शेजारच्याला दाखवला, आणि एक तारखेपासून या म्हणाले. बाहेर आल्यावर मी ऑफिसच्या आवारातल्या पायरीवर बसले आणि आईनं दिलेली पोळी खाल्ली. दोन वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर भूक लागली होती.

तीच गाडी दुपारून परत खामखेडला यायला निघाली. वाघजाळी येईपर्यंत मी मनात पळसगावची खोली लावून पाहत होते, कुठं दिवा, कुठं टेबल. गाडी हॉल्टला थांबली तेव्हा पलीकडच्या काठावर एक चिता पेटलेली होती. वारा नव्हता, धूर सरळ वर जात होता. माणसं नदीत उतरून अंघोळी करत होती. डब्यात दोघी बायका चढल्या. त्यातली एक दुसरीला सांगत होती की दिवस मावळायच्या आत उरकावं लागलं, थोरला पोरगा संध्याकाळच्या गाडीनं येईलही, पण त्याच्यासाठी रात्रभर कसं ठेवायचं. दुपारपर्यंत त्यांना शुद्ध होती, ती म्हणाली. दर वेळी विचारत होते, गाडी आली का.

मी पिशवी छातीशी धरून खामखेडपर्यंत बसले.

प्लॅटफॉर्मवर बाबा उभे होते. त्यांच्याशेजारी बाकावर चाळिशीचा एक माणूस बसला होता, अंगात स्वेटर, पायाशी पत्र्याची पेटी, आणि त्या पेटीवर केळ्यांचा एक घड. बाबांनी मला नोकरीबद्दल विचारलं नाही. ते म्हणाले, "मंदा, हे अंबादास ढोकणे. वाघजाळीचे. सकाळच्या मेलनं आले."

नंतर आईकडून मला दिवसभराचं कळलं. मेल आली तेव्हा हा माणूस उतरून पेटीसह रुळातून छोटीच्या मागं पळत सुटला होता, फाटकापर्यंत. पॉइंट्समननं त्याला परत आणलं. भिलाईच्या कारखान्यात तो भट्टीवर होता. वडील अत्यवस्थ असल्याची तार मिळताच पाळीवरून उठून निघाला होता. चालत जातो म्हणाला, पण पायी पोचायला रात्र झाली असती आणि संध्याकाळची गाडी त्याआधी पोचणार होती, म्हणून बाबांनी त्याला थांबवून घेतलं. वेटिंग रूम उघडून दिली. दुपारी घरी आणून जेवायला बसवलं. आई म्हणाली, तो बिचारा दोन घास खाऊन उठला, पण तुझ्या बाबांनी पानाला हातही लावला नाही.

अंबादास उठून उभा राहिला. "ताई, तुमी त्याच बाजूनं आल्या. वाघजाळीले काही दिसलं काय?"

बाबा माझ्याकडे पाहत होते. खोटं बोलायचं असतं तर तेवढ्यात बोलावं लागलं असतं, पण मला ते सुचलं नाही. मी म्हटलं, "सकाळी दोन माणसं तुम्हाला शोधत होती." मग म्हटलं, "आत्ता येताना नदीवर..."

पुढचं बोलायची गरज पडली नाही. त्यानं विचारलं, "अलीकडच्या काठाले का पलीकडच्या?"

"पलीकडच्या."

"मंग तेच. आमचं मसन तिकडेच हाय," तो म्हणाला आणि खाली बसला. रडला नाही. पेटीवरची केळी उचलून त्यानं बाकावर ठेवली, मग पुन्हा पेटीवर ठेवली. "वडिलाइले केळं लागत होतं," तो म्हणाला. "दुसरं काही जात नव्हतं म्हने."

छोटीचं इंजिन सुटून पाणी घ्यायला गेलं होतं. संध्याकाळच्या फेरीला अजून अवकाश होता. प्लॅटफॉर्मवर चहावाला फिरत होता, पार्सलच्या गाड्या खडखडत होत्या. बाबा अंबादासच्या शेजारी बसले. ड्यूटीवर असताना मी त्यांना प्रवाशांच्या बाकावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"अंबादास, मला तुम्हाला एक सांगायचं आहे," ते म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि सरळ समोर बघत सांगायला सुरुवात केली. सकाळी कंट्रोलनं त्यांना विचारलं होतं, मेलमध्ये छोटीचे प्रवासी आहेत का. असे प्रवासी असले तर गाडी थांबवायची, नसले तर सोडायची. मेल आधीच्या स्टेशनावर उभी होती. तिथल्या मास्तरला फोन करून गार्डकडून विचारून घ्यायचं असतं. रोज तेच करतात.

"मी फोन केला नाही," बाबा म्हणाले. "कंट्रोलला सांगितलं, कुणी नाही. म्हणून त्यांनी परवानगी दिली. मेलचा उशीर तुम्हाला नडला नाही. तुमचा मेळ मी चुकवला."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, बाबांनी रिवाज मोडला. ते खोटं बोलले असतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. बाकामागच्या खांबाला मी धरून उभी राहिले.

अंबादासनं विचारलं, "काहून?"

"हिची मुलाखत होती पळसगावला. गाडी थांबली असती तर चुकली असती."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नीट बघावं म्हणून बघतात तसं. "लागली नोकरी?"

मी मान हलवली. त्यानंही हलवली.

"हे मले सांगाले नोको होतं, मास्तर," तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही त्यानं. "सकायपासून मी त्या मेलले शिव्या देऊन रायलो होतो. गाडी उशिरा आली, आपलं नशीब, दुसरं काय, असं म्हनून बसलो होतो. गाडीवर राग धरता येते मानसाले. चार दिवसानं उतरते तो. आता मी तुमच्या घरी जेवलो. तुमच्या बाईनं मले गरम पोळी वाढली. मी आता राग कोनावर धरू?"

बाबांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. अंबादासनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुमचं मन हलकं झालं असन," तो म्हणाला. "माहं काय?"

मग तो उठला, पेटी उचलली आणि इंजिन न लागलेल्या गाडीत जाऊन बसला. प्लॅटफॉर्मच्या बाजूची खिडकी सोडून पलीकडे. केळी बाकावरच राहिली. बाबांनी ती उचलून नेऊन त्याला द्यावीत की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी मी ती डब्याच्या दारात ठेवली आणि परत फिरले.

गाडी अगदी वेळेवर सुटली. बाबांनी ड्रायव्हरच्या हातात पुढची लाइन मोकळी असल्याचं टोकन दिलं, झेंडी धरली आणि शेवटचा डबा जाईपर्यंत उभे राहिले. घरी आल्यावर आईनं नोकरीची बातमी ऐकून देवापुढं साखर ठेवली. बाबा अंगणात हातपाय धूत होते, ते तिथंच बराच वेळ पाणी ओतत राहिले.

एक तारखेला मी पळसगावला रुजू झाले. तिथं खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी खामखेडला यायचं, सोमवारी सकाळच्या छोटीनं परत जायचं, असं चालू झालं. वाघजाळी आली की मी नदीकडची खिडकी सोडून पलीकडे बसायचे.

बाबा बदलले. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना ते दिसलं नसेल, किंवा दिसलं ते उलटंच. मेलला कितीही उशीर असो, बाबांच्या पाळीत छोटी हलायची नाही. कंट्रोलशी ते भांडत. गाडी अडवून ठेवल्याबद्दल त्यांच्याकडे खुलासे मागवले गेले, एक वेतनवाढ थांबली. पण छोटीच्या गावांमधून त्यांचं नाव झालं. मुळावकर मास्तर असले की मेळ चुकत नाही, असं लोक बोलू लागले. कुणी शेतातली वांगी आणून द्यायचे, कुणी बोरं. बाबा ती घ्यायचे नाहीत. कुणी तोंडावर स्तुती केली की ते फाईल उघडून बसत, आणि लोक म्हणत, किती साधा माणूस.

अंबादास वर्षातून एकदा यायचा, वडिलांच्या श्राद्धाला. ती तिथी बाबांना पाठ झाली होती. त्या सकाळी मेल आली की ते ऑफिसच्या आत जात आणि छोटी सुटायच्या वेळेलाच बाहेर येत. तोही पेटी घेऊन सरळ प्लॅटफॉर्म ओलांडायचा. ऑफिसकडे मान वळवायचा नाही. पहिल्या वर्षी असं झालं, दुसऱ्याही वर्षी झालं.

तिसऱ्या वर्षी ती तिथी सोमवारी आली. मी छोटीत बसले होते. मेलला भलताच उशीर होता, तास उलटून गेला तरी तिचा पत्ता नव्हता. गाडी खच्चून भरलेली. पळसगावच्या कोर्टात तारीख असलेला एक म्हातारा दर थोड्या वेळानं उतरून बाबांपुढं हात जोडत होता. मुलीच्या बाळंतपणाला निघालेली एक बाई आमच्या डब्यात बसून बोटं मोडत होती. कुणी तरी मास्तरच्या नावानं शिवी दिली, ती बाबांना ऐकू गेली. मलाही ऑफिसात बोलणी बसणार होती. कंट्रोलनं गाडी सोडायला सांगितलं आहे, मास्तर ऐकत नाही, हे एव्हाना सगळ्या गाडीला कळलं होतं. बाबा खांबासारखे उभे होते.

अखेर मेल आली. छोटीसाठी तिच्यातून एकटा अंबादास उतरला. प्लॅटफॉर्म ओलांडताना त्याला ती बोलणी ऐकू आली असावीत. त्या कोर्टाच्या म्हाताऱ्यानं तर त्याला अडवून सुनावलंच, की तुझ्या एकट्यापायी आमचा दिवस गेला. अंबादास थबकला. त्यानं गाडीकडे पाहिलं, खिडक्यांतून बाहेर आलेल्या डोक्यांकडे पाहिलं. मग पेटी खाली ठेवून तो ऑफिसच्या दिशेनं चालत आला. बाबा आत जायला वळले होते, ते तिथंच थांबले.

"मास्तर, हे काय लावलं तुमी?" तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज चढला होता, सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल इतका. "माह्या एकट्यासाठी एवढ्या मानसाइचा खोळंबा? त्या बुढ्याची तारीख गेली तिकडे. ते पाप आता माह्या डोक्यावर टाकता काय? एकदा जे केलं ते केलं तुमी. त्याचं उट्टं या लोकाइवर काहून काढता?"

बाबा मान खाली घालून ऐकत होते.

"पुढच्या वर्षी मी दिसलो नाही तरी गाडी जाऊ द्यायची," अंबादास म्हणाला. "समजलं?"

"समजलं," बाबा म्हणाले.

तो पेटी उचलून डब्यात चढला. गाडी सुटली. मी खिडकीतून मागं बघत राहिले, बाबा दारातच उभे होते, टोपी हातात घेऊन.

त्या शनिवारी मी घरी गेले तेव्हा आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. सोमवारी दुपारी बाबा जेवायला आले, पाट ओढून बसले आणि म्हणाले, तो आज बोलला माझ्याशी. आईनं घाबरत विचारलं, काय बोलला?

"रागावला माझ्यावर," बाबा म्हणाले. "चारचौघांत रागावला."

आणि त्यांनी ताट पुढं सरकवून आणखी भात मागितला.